नारबोदच्या मांडीवरची गिटार

माझ्या आत्याने डूख धरला होता, हे मी आधीच सांगून टाकते. उद्या कुणी म्हणायला नको की बाई साधी होती, संगीतवेडी होती, रागाच्या भरात तिच्या हातून झालं. तिने पूर्ण विचार करून केलं. मला विचाराल तर फार उशिरा केलं.

अलकनंदा उमाळकर तिचं नाव. बालाघाटच्या आमच्या मराठी घरांत तोंडावर अलकाताई, पाठीमागे नारबोद. बैहरला जंगल खात्याच्या कचेरीत तिने सगळी नोकरी काढली, लग्न केलं नाही, आणि हातात उरेल ते जुन्या गिटारींवर घातलं. निवृत्त होऊन ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा पलंग, कपाट, भांडी सगळं एका मेटॅडोरमध्ये मावलं आणि गिटारींसाठी दुसरी करावी लागली. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. एकीने मला विचारलंच, "दुकान लावून राह्यले काय?" मी म्हटलं, हौ, पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच.

मी मधुवंती, तिच्या भावाची मुलगी. एका खाजगी शाळेत गणित शिकवते आणि एकटी राहते. माझं नाव तिनेच ठेवलं. आईबाबा गेल्यावर मला ती आणि तिला मी एवढंच उरलं होतं. माझा राग उतू जाणारा आहे, दोन मिनिटांत गॅसवर सांडतो आणि संपतो. तिचा लोणच्यासारखा, बरणीत घट्ट दाबलेला, वर तेलाचा थर. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

आमच्या जिल्ह्यात जुन्या गिटारी मिळतात हे बाहेरच्यांना पटत नाही. पण जिथे खाण आहे तिथे साहेब आहेत, आणि साहेब आहेत तिथे संध्याकाळ कशी काढायची हा प्रश्न आहे. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर बंगाली इंजिनिअर यायचे, सोबत कलकत्त्याची हवाईयन गिटार आणायचे. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. सूर गळा काढल्यासारखा लांबत जातो. साहेबांची बदली झाली की गिटार मागे राहायची, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पलंगाखाली. आत्या दौऱ्याच्या जीपमधून, बसमधून जाऊन त्या गोळा करायची. तिरोडीला मँगनीजच्या खाणीवरच्या एका जुन्या बंगल्यात तिला एक जर्मन गिटार मिळाली, तिच्या पेटीत कोंबडी अंडी घालत होती. आत्याने कोंबडी उठेपर्यंत वाट पाहिली, मग पेटी उचलली. अंडी मालकाला परत दिली.

पावसाळा आला की तिची धावपळ बघावी. सगळ्या तारा ढिल्या करायच्या, नाहीतर ओलीने गळ्याचं लाकूड वाकतं. प्रत्येक गिटार जुन्या सुती लुगड्यात गुंडाळायची, कपाटात वाळलेला कडुलिंब आणि दिवसरात्र जळणारा एक पिवळा बल्ब. आमच्याकडे माणसं ओलीत झोपतील, पण गिटारींना ऊब पाहिजे. मी कटकट करायचे. ती ऐकून घ्यायची आणि बल्ब बदलायची.

इतक्या गिटारी, आणि ती स्वतः एकही वाजवायची नाही. उजव्या हाताने तारा छेडून नुसतं ऐकायची. तिच्या डाव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं भाजून एकमेकांना चिकटली आहेत आणि आत वळली आहेत. कांडी धरायला नेमकी तीच बोटं लागतात.

ती सतरा वर्षांची असताना हे झालं. भरवेलीच्या खाणीवरचे एक घोषबाबू तिला हवाईयन गिटार शिकवायचे. त्यांनी तिला आपलीच एक गिटार देऊन टाकली होती, इतकी तिची तयारी होती. त्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत पहिल्या संध्याकाळी कुणाचं वादन ठेवायचं यावरून चर्चा झाली. ती जागा तोवर मधुकर सायखेडकरची होती. तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, केस मानेवर वाढवलेला, गळ्यात गिटार अडकवून उभ्याने वाजवणारा, आणि मंडळाच्या सचिवांचा मुलगा. घोषबाबूंनी हट्ट धरला की दोघांना ऐका. ऐकलं. आणि मंडळींनी अलकाचं नाव घातलं.

आता नारबोद म्हणजे काय ते सांगते. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नारबोद काढतात, नागपूरकडे तिला मारबत म्हणतात. काटक्या, गवत आणि फाटक्या कपड्यांची एक बाई बांधायची, ही पूतना. घरात नकोसं झालेलं तिच्या मांडीवर टाकायचं, झिजलेला झाडू, फुटकं सूप, तुटकी चप्पल. मग "घेऊन जा री नारबोद, खोकला-खाज घेऊन जा री नारबोद" असं ओरडत तिला वस्तीबाहेर न्यायचं आणि पेटवायचं. पेटवल्यावर मागे वळून बघायचं नाही. आणि तिच्या मांडीवर गेलेलं काही परत आणायचं नाही. आणलं तर गावाची सगळी इडापिडा त्याच्याबरोबर घरात येते, म्हणून अशा वस्तूला कुणी बोटसुद्धा लावत नाही.

पोळ्यानंतर चारच दिवसांनी गणपती. गिटार सरावासाठी मंडळाच्या खोलीत ठेवलेली होती. त्या सकाळी नारबोद आमच्या घरावरून गेली तेव्हा आत्या दारात उभी होती. नारबोदला कुणीतरी दोन वेण्या घातल्या होत्या, आत्या घालायची तशा, आणि मांडीवर आडवी गिटार ठेवली होती. घोषबाबूंची गिटार. पुढे मधुकर. "घेऊन जा री नारबोद, अलकीले घेऊन जा री नारबोद." पोरं हसत होती, आणि गॅलरीतून बघणारी मोठी माणसंसुद्धा.

ती अनवाणी मागे धावली. वैनगंगेच्या बाजूला मिरवणूक थांबली, नारबोद पेटली, सगळे पाठ करून घराकडे वळले. आत्या एकटी उलट्या दिशेने गेली, जळत्या नारबोदच्या मांडीत हात घातला आणि गिटार ओढून काढली. एक कड कोळसा झाली होती, तारा लाल होत्या. तिने ती तारांवरच धरली.

गणपतीच्या पहिल्या संध्याकाळी मधुकरने वाजवलं. आत्या हाताला पट्टी बांधून घरात पडली होती आणि टाळ्या तिला खिडकीतून ऐकू येत होत्या. माझे आजोबा मधुकरच्या वडिलांच्या हाताखाली नोकरीला. ते म्हणाले, "जाऊ दे, इडापिडा गेली समज." पण बायकांच्या हिशोबाने इडापिडा गेलीच नव्हती, अलका ती उचलून घरी घेऊन आली होती. तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. स्थळं आली ती चौकशी करून परत गेली. नारबोद हे नाव चिकटलं ते चिकटलंच. नोकरी लागताच तिने बैहरला बदली मागून घेतली. जंगलात कुणी कुणाला नावं ठेवत नाही, असं ती म्हणायची.

ती जळकी गिटार तिच्या संग्रहातली पहिली. शेवटची मधुकरची.

मधुकरचा ऑर्केस्ट्रा बरीच वर्षं चालला, मग डीजे आले आणि बुडाला. तेव्हा त्याने आपली गिटार मलाजखंडच्या एका अधिकाऱ्याला विकली. अधिकाऱ्याची बदली झाली तशी ती आत्याने घेतली. काळपट तांबडी, आणि बोटं फिरतात त्या पट्टीवर शिंपल्यातून कोरलेलं 'मधु'. त्या दिवशी तिने बैहरहून मला फोन केला. "आली," म्हणाली, आणि ठेवून दिला. पुढे मधुकरला गिटारीची आठवण छळायला लागली. हिला विचार, त्याला विचार, मलाजखंडला माणूस पाठव. आत्या सगळं ऐकायची आणि गिटारीच्या तारा वेळच्या वेळी ढिल्या करायची. कुणाची गिटार असली तरी पावसाळ्यात तिची हयगय तिला जमायची नाही.

या पावसाळ्यात मात्र ती थकली. एका पेटीला वाळवी लागली आणि तिला आठवडाभर कळलं नाही. कळलं तेव्हा ती पेटीशेजारी फरशीवर बसून राहिली. "मधू, आता मले होऊन नाई राह्यलं," ती म्हणाली. "मी गेल्यावर तू काय करशीन यांचं? भंगारात देशीन." मी नाही म्हटलं, पण गणित शिकवणाऱ्या बाईला गिटारीतलं काय कळतं हे तिलाही माहीत होतं. विकायच्या की नाही आणि कुणाला, हा विषय त्या दिवसापासून घरात सुरू झाला. तिने जाहिरात दिली नाही. पण अशा गोष्टी बालाघाटात न सांगता पसरतात.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एक माणूस दारात उभा राहिला. पुण्यात जुन्या गिटारी दुरुस्त करून विकतो म्हणाला, मलाजखंडच्या कुणाकडून ऐकलं म्हणाला.

"कोणाचा तू?" आत्याने विचारलं.

"सायखेडकर. मधुकर सायखेडकरांचा रजत."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, त्याला हाकलायचं म्हणूनच आले. आत्या म्हणाली, "मधू, चहा टाक." मी इतक्या जोरात पातेलं आपटलं की शेजारचं कुत्रं भुंकलं.

पण त्या मुलाने पहिली गिटार उघडायच्या आधी विचारलं, "आत्या, हात धुऊन घेऊ का?" हे ऐकून ती जी बदलली, ती बदललीच. संध्याकाळपर्यंत तो फरशीवर बसून एकेक लुगडं सोडवत होता, बांधत होता. जर्मन गिटारीजवळ तर त्याचे डोळे भरून आले. आत्या त्याला कोंबडीची गोष्ट सांगत होती. त्याने सगळ्या घ्यायची तयारी दाखवली, भावही सरळ सांगितला. मग त्याने काळपट तांबडी गिटार उघडली आणि थांबला.

"ये तो बाबांची आहे."

"हौ," आत्या म्हणाली.

रजतने तिथूनच वडिलांना फोन लावला. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं आनंदाची बातमी आहे.

दुसऱ्याच दिवशी मधुकर सायखेडकर स्वतः आले, सोबत शाल, नारळ आणि मंडळाचे दोन सभासद. आता ते मंडळाचे अध्यक्ष, केस पांढरे पण अजून मानेवर. आधी गिटार मांडीवर घेऊन 'मधु' या अक्षरांवरून बोट फिरवत बसले. मग मुद्द्यावर आले. मंडळाच्या नव्या हॉलमध्ये एक दालन बांधून तयार आहे, मधुकर सायखेडकर वाद्यदालन. बोर्ड लागला, काचेची कपाटं आली, गणपतीत उद्घाटन. फक्त वाद्यं नाहीत.

"रजत पुण्याले नेईन आणि विकून टाकीन," ते म्हणाले. "समाजाची वस्तू समाजात राह्यली पाह्यजे. तू देऊन टाक, अलका. सत्कार करू तुझा."

आत्या उठली, आत गेली आणि जळकी गिटार घेऊन आली. तिने ती टीपॉयवर, शालीच्या शेजारी ठेवली. कोळशाची भुकटी शालीवर पडली.

"हे काय आणलं?" मधुकर म्हणाले.

"ओळखली नाई?"

दोन्ही सभासद एकदम छताकडे बघायला लागले. मधुकर हसले. खरंच हसले. "अरे, ते तं पोरपणीची गंमत. त्या वयात सारेच करतात. तू अजून धरून बसली काय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काहीतरी बोलणार होते, पण आत्याने डावा हात वर केला आणि मी थांबले. तो हात तिने तसाच त्यांच्या समोर धरून ठेवला, त्यांची नजर खाली जाईपर्यंत.

"साऱ्या देतो तुमच्या दालनाले," ती म्हणाली. "एक पैसा नको. नाव तुझंच राहू दे. पण तुझी गिटार मी पोळ्याच्या पाडव्याच्या सकाळी नारबोदच्या मांडीवर ठेवीन. पेटवायच्या आधी तू जायचं आणि आपल्या हातानं काढून आणायची. साऱ्यांच्या समोर. माझ्यावेळी पेटलेली होती, तुले तेवढीबी तकलीफ नाई."

"आणि नाई काढली तं?"

"तं जळन. आणि बाकीच्याबी तुले भेटणार नाईत."

ते पुन्हा हसले, पण शाल तशीच ठेवून उठले. जाताना दाराबाहेर थांबलेल्या रजतला म्हणाले, मला ऐकू येईल असंच, "इसके बस का नहीं है. कोंबडी उठेपर्यंत वाट पाहणारी बाई गिटार जाळन काय?" मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मी आत्याला म्हटलं, त्याच्या पापासाठी चांगलं वाद्य कशाला? ती म्हणाली, "मी कुठं जाळून राह्यली? तो जाईन आणि घेऊन येईन. एक पाऊल तं टाकायचं आहे." मला कळेना की तो जावा असं तिला वाटतं की जाऊ नये असं. तिलाही ते कळत नसावं. त्या दिवसांत ती भाकरी अर्धी टाकून उठायची.

नारबोदच्या सकाळी आभाळ भरलेलं होतं, पाऊस नव्हता. आमच्या मोहल्ल्याची नारबोद लोकेश सुतार बांधतो, उंच, चांगली भरदार. मांडीवर झाडू-सुपांचा ढीग. हातात छोटा माइक घेऊन पुढे मधुकर, दरवर्षीसारखे सूचना देत, "नारबोदचं काही परत आणू नका, पेटल्यावर मागं वळून पाहू नका." आत्या गर्दीच्या मागे चालत होती, काखेत लुगड्यात गुंडाळलेली गिटार. मी तिच्या शेजारी. लोकांना वाटलं असेल, घरातलं काही टाकायला आणलं आहे.

नदीच्या बाजूला सगळे थांबले. आत्या गर्दीतून सरळ पुढे गेली. तिने लुगडं सोडलं, घडी करून खांद्यावर टाकलं आणि झाडू बाजूला सारून गिटार नारबोदच्या मांडीवर आडवी ठेवली. आदल्या दिवशी तिने नव्या तारा चढवून ती सुरात लावली होती. मी विचारलं होतं, कशाला? ती म्हणाली होती, "बेसुरी कशी पाठवू?"

पोरं ओरडायची थांबली. आत्याचा आवाज मोठा नाही, पण त्या वेळी सगळ्यांना ऐकू आला. "ही मधुकरची गिटार. माझी यानंच ठेवली होती इथं. चोरून. मी परत आणली आणि तुम्ही मले नारबोद म्हटलं. आता त्यानं आपली काढून न्यावी. मग पाहू त्याले काय म्हणता."

सगळे मधुकरकडे बघायला लागले. म्हातारी माणसं खाली बघायला लागली, ज्यांना आठवत होतं ती. लोकेशच्या हातात आगपेटी होती, त्याने ती मागे घेतली. "काका, काढून घ्या ना. मस्त आहे गिटार."

मधुकरांनी एक पाऊल टाकलं. मी पाहिलं, त्यांचे हात पुढे झाले होते. तेवढ्यात गर्दीतून कुणी पोरगं हसलं, अगदी सहज, पोरं हसतात तसं, आणि दुसरं हळूच म्हणालं, "घेऊन जा री नारबोद." मधुकरांचे हात खाली आले. मग त्यांनी माइक तोंडाजवळ नेला.

"पेटव," ते म्हणाले. "नारबोदचं नारबोदले."

लोकेशला पटेना. त्यांनी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. काडी ओढली गेली. रजत धावला, पण आत्याने त्याचं मनगट धरलं, त्या वाकड्या बोटांनीच. "तू नाई, बेटा. ज्याची आहे त्यानं." तो सुटायला बघत होता आणि ती सोडत नव्हती. गवत भसकन पेटलं. तारा तुटायला लागल्या, एकेक, मोठ्याने. दर वेळी आत्याचा हात रजतच्या मनगटावर आवळला जात होता. मला आनंद झाला. गिटारीचं वाईट वाटत असतानाच झाला, आणि मी तो लपवला नाही.

मग रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी पाठ केली. आत्या या वेळी सगळ्यांबरोबर वळली आणि घराकडे चालू लागली, तिने वळून पाहिलं नाही. मधुकर सायखेडकरांनी पाहिलं. माइक हातात घेऊन, आत्ताच सूचना दिलेल्या माणसाने, दर चार पावलांना मान वळवून पाहिलं. सगळ्या मोहल्ल्याने बघितलं ते बघताना.

दुपारी रजत एकटाच आला. आत्याच्या समोर फरशीवर बसला. मग म्हणाला, "आत्या, बाबांनी सच में केलं होतं?" तिने हात पुढे केला. त्याने तो हातात घेऊन नीट पाहिला, गिटार बघतो तसा, कुठे काय तुटलं आहे ते.

"ट्रक आणजो," आत्या म्हणाली. "साऱ्या ने. ठरलेला भाव दे. पावसाळ्यात तारा ढिल्या करजो."

"आणि ही?" त्याने जळक्या गिटारीकडे बोट केलं.

मला वाटलं, ही ती ठेवेल. इतकी वर्षं तिच्या पलंगाशेजारी होती. आत्याने ती मांडीवर घेतली, आडवी, सतरा वर्षांची असताना घ्यायची तशी, आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग ती रजतच्या हातात दिली.

"ही तुझ्या बापाच्या दालनात ठेव. मधल्या कपाटात. खाली माझं नाव लिहिजो."

रजतने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तो गिटार घेऊन गेला.

गणपतीत दालनाचं उद्घाटन झालं, पत्रिका छापून झाल्या होत्या, टाळता आलं नाही. सगळी कपाटं रिकामी, मधल्या कपाटात कोळसा झालेली एक गिटार, खाली पाटी, अलकनंदा उमाळकर. पाहुणे विचारत होते आणि म्हातारी माणसं त्यांना बाजूला घेऊन सांगत होती. मधुकर सायखेडकर दाराशी खुर्ची टाकून बसले होते, आत आले नाहीत. मी दोनदा आत जाऊन आले, एकदा मुद्दाम त्यांच्या अगदी जवळून.

घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. मग मला शंका आली. "आज ठेवलीय. उद्या काढून टाकतील की."

"नारबोदची वस्तू आहे," आत्या म्हणाली. "हात कोण लावन?" आणि तिने वरण वाढून घेतलं.